डावीकडे लाल

वारा पडला आणि आठमान नाखव्याची, एरवी पर्यटकांना फिरवणारी शिडाची बोट केनियातल्या लामू आणि फाझा बंदरांच्या मध्येच ठाण मांडून बसली. आत त्याची पुतणी, नवरी म्वानेशा, तिची आत्या झुहुरा आणि हलव्याची ताटं. फाझाच्या शेबेशी तिचा निकाह कालच तिथल्या मशिदीत, तिच्या वतीने, नाखव्याने लावून दिला होता. आज मुलगी सासरी पोचवायची.

"तो हसला होता का हो, बाबा?" म्वानेशाने पुन्हा विचारलं. चुलत्याला ती बाबाच म्हणे.

"मान खाली होती त्याची. 'कबूल' म्हणाला, पुरे नाही का?"

पुरे कसलं! चुलत्याने आपल्याला शेबेच्या गळ्यात बांधलंय, हा किडा तिच्या डोक्यातून जाईना. त्याच्या मनात नसेल तर आल्या पावली परतायचं, हे तिने पक्कं केलं होतं.

नाखव्याने विजेची मोटर चालू केली. बोट मागे चालली! पंख्यात दोरी अडकलीय? नाही. फ्यूज? ठणठणीत. त्याने फळ्या उचकटल्या, पंख्याला शिव्या घातल्या, नवरीला उठवून तिच्याखालची पेटीसुद्धा उपसली. बोट आपली मागेच.

आत्या बॅटरीपाशी वाकली. "दादा, लाल वायर मायनसला लावलीस?"

"डावीकडे लाल! बोटीचा दिवा डावीकडे लाल, मग वायरही डावीकडेच लाल. समुद्राचा कायदा आहे."

"कर्म माझं! बॅटरीला कुठला आलाय समुद्र?"

वायरी बदलायला नाखव्याने पाना उचलला, तो हातातून सटकून थेट पाण्यात.

"उलटी तर उलटी," म्हणत त्याने बोटीचं ढुंगण फाझाकडे वळवलं.

फाझाच्या धक्क्यावर ढोल वाजत होते. कुणीतरी ओरडलं, "अरे, बोटीचं नाक लामूकडे! नवरी परत चालली!" सासूने ऊर बडवायला सुरुवात केली. बोट क्षणाक्षणाला मोठी दिसत होती, पण ते बघायचं भान कुणाला?

धप्प! शेबेने पांढऱ्याशुभ्र झग्यानिशी उडी टाकली. पोहणं यथातथाच. पाणी गिळत ओरडत होता, "नाखवा, थांबा! म्वानेशा, जाऊ नकोस गं!"

"बाबा, मोटर बंद करा, पंख्यात येईल तो!" म्वानेशा किंचाळली.

मोटर थांबली. शेबे बोटीच्या कडेला लोंबकळला. "काल लाजेनं मान वर केली नाही," तो ठसकत म्हणाला, "म्हणून एवढी शिक्षा?"

म्वानेशाला हसूही आवरेना आणि रडूही. तिने वाकून त्याचा ओला हात घट्ट धरला.

"अहो, जात नाहीये मी, येतेय! तुम्ही आधी वर तर या."