माझ्या फोटोला एसी, मला कूलर

मित्रांनो, मी एक जुनी ढोलकी आहे. स्वभाव आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तक्रार नको. मी मत्सरी आहे. दुसऱ्या वाद्याचं कौतुक झालं की माझ्या पुड्या आपोआप ताणतात. पुडी म्हणजे माझ्या दोन्ही तोंडांवर चढवलेलं चामडं. आजवर मी टाळांवर जळले, बाजाच्या पेटीवर जळले, एकदा तर लग्नाच्या बँडवरही जळले. पण सगळ्यात जास्त जळले ती माझ्या स्वतःच्याच फोटोवर. हसू नका. आधी ऐकून घ्या.

माझं खोड शिवणीच्या लाकडाचं. साकोलीकडच्या एका गावात एका कारागिरानं ते आतून कोरलं, बकऱ्याचं चामडं चढवलं, दोऱ्या ओवल्या, त्यांत कड्या घातल्या आणि एका पुडीवर काळी शाई घोटून घोटून बसवली. मला घेतलं गुलाबनं. तो शेतकऱ्याच्या घरचा, दंडारीत वाजवणारा. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं, पूर्व विदर्भातलं, नाचगाण्याचं नाटक. दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, तेव्हा दंडार उभी राहते. पुढे गुलाबला भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरी लागली. त्यानं बरोबर एक ट्रंक, एक घोंगडी आणि मला आणलं. बायको भागीरथा नंतर आली, हे मुद्दाम सांगते. घरात आधी मी होते.

आम्ही आधी कॅम्प-१ मध्ये राहिलो, मग मरोद्याला कारखान्याचं क्वार्टर मिळालं. माझे ते सोन्याचे दिवस होते. झाडीकडून आलेली सगळी मंडळी सुट्टीच्या दिवशी आमच्या दारात जमायची आणि गुलाबनं मला मांडीवर घेतलं की गप्पा बंद व्हायच्या. चामड्याचं एक असतं, मित्रांनो. दमट हवेत ते ढिलं पडतं आणि कोरड्या उन्हाळ्यात इतकं ताणतं की तडकायला येतं. म्हणून गुलाब मला पावसाळ्यात कोळशाच्या शेगडीजवळ धरायचा आणि उन्हाळ्यात माठाजवळच्या गारव्यात ठेवायचा. शेक पुरेसा झाला का, हे तो हाताच्या पालथ्या बाजूनं बघायचा, जसा आपण लेकराचा ताप बघतो.

भागीरथाला ते बघवत नसे. "मले ताप आला तं असा हात लावून नाही पाहत हा माणूस," असं ती शेजारणीला सांगायची. माझं नाव घ्यायचीच नाही. मला ती सवत म्हणायची. "सवतीले आत घ्या, पाणी येऊन राहिलं." कोणी आपल्यावर जळतं आहे, हे सुख काय असतं, ते मी तेव्हा पोटभर भोगलं.

गुलाब गेला आणि माझा आवाज गेला. त्याचा मुलगा अंकुर कारखान्यातच लागला, पण त्याच्या हातात ताल नव्हता. काही वर्षं मी खुंटीवर होते. मग भिंतीला रंग दिला तेव्हा खाली उतरले ती उतरलेच. शेवटी मला जागा मिळाली कूलरच्या तोंडासमोर. उन्हाळाभर ओला वारा थेट माझ्या अंगावर. अंकुरची मुलगी ईरा माझ्यावर सरबताचा गार ग्लास ठेवायची. शाईवर पाण्याचं गोल वळं उठायचं. माझं ढोलकीचं स्टूल झालं होतं.

ईरा वाईट मुलगी नाही. पण या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला कॉम्प्युटरवर एक खेळ सापडला, आणि माझ्या नशिबाला आग लागली. त्या खेळात आपण एका संग्रहालयाचे मालक असतो. जुन्या वस्तू आणायच्या, काचेत मांडायच्या आणि त्यांना जपायचं. प्रत्येक वस्तूजवळ दोन छोटे काटे असतात, एक तापमानाचा, एक हवेतल्या ओलाव्याचा. काटा जरा सरकला की तो लाल होतो आणि घंटी वाजते. मग ईरा धावपळ करायची. इथे गारवा वाढव, तिथे ओल शोषणारं यंत्र बसव, धूळ पुसायला माणूस पाठव, खिडकीचं ऊन नेमकं चित्रावर येतं म्हणून पडदा ओढ. "अरे यार, मूर्तीला बुरशी लागेल ना!" असं म्हणत ती कपाळाला हात लावायची. कोणती मूर्ती? जिला ना वजन ना वास, ती. आणि हे म्हणताना तिचं कोपर माझ्या पुडीवर टेकलेलं असायचं, ग्लास शाईवर, आणि कूलर सूं सूं करत मला भिजवत असायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

तरी इथवर ठीक होतं. त्या मूर्तीशी माझं भांडण नाही. पण त्या खेळात आपल्या घरच्या वस्तूचा फोटो टाकायचीही सोय निघाली. एका दुपारी ईरानं माझ्यावरचा ग्लास उचलला, मला फडक्यानं पुसलं, दारातल्या उजेडात नेलं आणि चारी बाजूंनी माझे फोटो काढले. मित्रांनो, मी किती खूश झाले, काय सांगू! वाटलं, आता माझे दिवस फिरले. फोटो झाले, आणि तिनं मला परत कूलरसमोर ठेवून वर ग्लास ठेवला.

थोड्या वेळानं पडद्यावर मी दिसले. मी म्हणजे ती, माझा फोटो. काचेच्या कपाटात, मखमलीवर, वरून पिवळा दिवा. खाली पाटी, "गुलाब आबाजींची ढोलकी". तिच्यासाठी वेगळा एसी. तिच्यासाठी ओल शोषणारं यंत्र. खेळातली लुटुपुटीची माणसं रांग लावून तिला बघायला येत होती. एकदा तिच्या ओलाव्याचा काटा लाल झाला, तर ईरा जेवणाच्या ताटावरून उठून आली. कानामागून आली आणि तिखट झाली, ते हेच! तिला साधं खोडसुद्धा नव्हतं. शेगडीचा शेक तिनं कधी खाल्ला होता? मंडईच्या गर्दीत तिच्यावर कधी थाप पडली होती? पण लाड तिचे. मी तिला मनातल्या मनात इतके शिव्याशाप दिले की त्यातच माझा एक उन्हाळा गेला असता.

पण तेवढा वेळ नव्हता. अंकुरनं कुम्हारीला स्वतःचं घर घेतलं होतं आणि क्वार्टर सोडायचं ठरलं होतं. नवीन घर लहान. ईराची आई मिताली एकेक वस्तू हातात घेऊन ठरवू लागली, ही न्यायची, ही कबाडीवाल्याला द्यायची. ती माझ्यापाशी आली, तेव्हा मला धीर होता. ईरा माझी बाजू घेईल असं वाटत होतं.

"ईरा, ही ढोलकी न्यायची का गं?" मितालीनं विचारलं.

ईरानं पडद्यावरून नजर न हलवता सांगितलं, "जाऊ दे ना मम्मी. गेममध्ये आहे ना. उसमें तो ज्यादा सेफ है."

झालं. मला नेऊन ओसरीत ठेवलं, फुटक्या बादलीच्या आणि कूलरच्या कुजलेल्या गवताच्या जाळीच्या शेजारी. रविवारी सकाळी कबाडीवाल्याचा ठेला दारात उभा राहिला. मी आता मत्सर करायच्याही पलीकडे गेले होते. माझा फोटो कुम्हारीला जाणार होता आणि मी भंगारात.

तेवढ्यात आतून भागीरथाचा आवाज आला. ती आता आजी झाली होती आणि गुडघ्यांमुळे दिवाणावरून फारशी उठत नसे. "ईरा, आबाजीची ढोलकी दिसून नाही राहिली. कुठं गेली?"

"आजी, इकडे ये, दाखवते," ईरा मोठ्या कौतुकानं म्हणाली. तिनं आजीला धरून कॉम्प्युटरपाशी खुर्चीत बसवलं. मला ओसरीतून खिडकीतून सगळं दिसत होतं. आजीनं काच पाहिली, दिवा पाहिला, नवऱ्याच्या नावाची पाटी पाहिली. तिचे डोळे भरले. मी म्हटलं, घ्या, म्हातारीसुद्धा गेली तिच्याकडे.

"लय चांगली ठेवली गं बाई," आजी म्हणाली. "वाजव बरं आता."

ईरानं बटण दाबलं. धडाम असा आवाज आला, कुठल्या तरी परदेशी ढोलाचा.

आजीनं कान पुढे केला. "पुन्हा वाजव." पुन्हा तेच धडाम.

"हा आवाज कोनाचा हाय? आपली ढोलकी आधी टणकन बोलते, मग घुमते. हे बोलूनच नाही राहिलं. कावून?"

"आजी, आवाज गेमचाच आहे. फोटो आपला आहे."

"मंग आपली कुठं हाय?"

ईरा एकदम उठली आणि बाहेर धावली. कबाडीवाल्यानं मला ठेल्यावर ठेवलंही होतं. तिनं मला ओढून काढलं, छातीशी धरलं आणि आत आणून आजीच्या मांडीवर ठेवलं.

आजीनं थाप मारली. माझ्यातून भद्द असा आवाज निघाला. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढे दिवस पडद्यावरच्या तिच्यावर जळत होते, आणि संधी मिळाली तर मी भद्द वाजले. त्या धडामपेक्षाही वाईट.

ईरानं माझ्या पुडीवर बोट फिरवलं, मग ग्लासाच्या वळ्यावर. तिचा चेहरा उतरला. "आजी, हिला ओल लागली आहे. कूलरसमोर होती ना. चामडं ओल्या हवेत ढिल्लं पडतं. गेममध्ये काटा लाल झाला की मी लगेच ठीक करते. इथे मला दिसलंच नाही." आणि ती रडायला लागली.

खरं सांगते, त्या खेळाचा मी इतका राग केला, पण माझं दुखणं ईराला समजलं ते त्याच खेळामुळे. हे कबूल करताना आजही माझ्या पुड्या ताणतात.

"रडू नको. शेक द्या लागते तिले," आजी म्हणाली. "शेगडी तं गेली कधीचीच."

ईरा मितालीचं केस वाळवायचं मशीन घेऊन आली. आजीनं मला धरलं, ईरा गरम वारा देऊ लागली. देता देता ती इकडेतिकडे बघू लागली. तिला काटा हवा होता. आजीनं तिचा हात पालथा केला आणि माझ्या पुडीवर टेकवला.

"सोसवते का?"

"हो."

"मंग अजून दे. नाही सोसवलं का थांब. तुहे आबाजी असंच करत."

किती वर्षांनी तो स्पर्श झाला मला! हात लहान होता, पण जागा तीच होती. मग आजीनं, गुलाब करायचा तशाच, माझ्या दोऱ्यांतल्या कड्या बत्त्यानं हळूहळू ठोकून सरकवल्या. बाहेरून मितालीनं हाक दिली, "आई, तो ठेलेवाला थांबून राहिला." ती सामान बांधायची दोरी घेऊन दारात आली आणि तेवढ्यात आजीनं थाप मारली.

मी बोलले. आधी टणकन, मग घुमले. घरभर.

मिताली दारातच उभी राहिली. आजी तिच्याकडे बघून म्हणाली, "मिताली, ही माही सवत हाय. जल्मभर मी हिच्यावर जळलो. आता मी जिथं जाईन तिथं ही येईन."

मितालीनं हातातली दोरी खाली ठेवली. मग तिनं ठेलेवाल्याला सांगितलं, "भैया, बाकी सब ले जाओ, ये नहीं."

आता आम्ही कुम्हारीला राहतो. कूलर एका भिंतीला, मी दुसऱ्या भिंतीला. माझ्यावर ग्लास ठेवायची कोणाची हिंमत नाही. ईरा रोज हात पालथा करून माझी पुडी बघते आणि आजीकडून पहिला ताल शिकते आहे. अजून वेडावाकडाच वाजवते, पण मी सांभाळून घेते.

पडद्यावरची ती अजून आहे, मखमलीवर, एसीत. ईरानं माझा आवाज भरून तिला दिला. तिला बघायला येणारी लुटुपुटीची माणसं आता माझा आवाज ऐकतात, आणि नाव तिचं होतं. जळू नको तर काय करू? पण ईरानं तिची पाटीही बदलली. तिथे आता लिहिलं आहे, "हा फोटो आहे. खरी ढोलकी आमच्या घरी आहे."

तेव्हा मित्रांनो, एवढंच मागते. घरातल्या जुन्या वस्तूचे फोटो खुशाल काढा, आम्हाला आवडतं ते. पण फोटो झाल्यावर एकदा आमच्या अंगाला हाताची पालथी बाजू लावून बघा. आमच्याजवळ लाल होणारा काटा नसतो.