आयुधपूजेत वगळलेला डेस्कटॉप

मित्रांनो, मी एक जुना डेस्कटॉप आहे आणि मनात डूख धरून आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मला कोणी साधुसंत समजायला नको.

माझा जन्म चेन्नईच्या रिची स्ट्रीटवरचा. श्रीवत्स अप्पांनी एकेक भाग निवडून मला तिथल्या दुकानात जोडून घेतलं. अप्पा चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात कारकून. घराणं तंजावरकडचं, म्हणून घरात मराठी चालते, पण भांडण रंगलं की गाडी तमिळवर जाते. त्यांची मुलगी सहाना ॲनिमेशन शिकत होती, तिच्यासाठी मी आलो. मोठा पडदा, भक्कम पंखे, बिघडला तर उघडून दुरुस्त करता येतो, असं अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे आणि मी फुगायचो. सहानानं काढलेला पहिला बैल लंगडत चालायचा. तो सरळ धावेपर्यंत आम्ही दोघांनी किती घाम गाळला, ते आम्हालाच ठाऊक.

पुढे तिला बाहेरची कामं मिळू लागली आणि घरात लॅपटॉपचा विषय निघाला. अप्पा म्हणाले, तेवढ्याच पैशांत नवा डेस्कटॉप दुप्पट काम देईल. सहानानं विचारलं, गिऱ्हाइकाला चित्रं दाखवायला डेस्कटॉप डोक्यावर घेऊन मेट्रोत चढू का? अप्पांनी पाकीट उघडलं. तिचं म्हणणं खरं होतं, म्हणून तर ते मला जास्त झोंबलं. लॅपटॉप आला. दिसायला पातळ, आणि तोरा असा की जणू घर त्याच्याच नावावर आहे. मी कोपऱ्यात गेलो आणि माझ्या डोक्यावर इस्त्रीच्या कपड्यांची टोपली आली.

खरा घाव बसला तो आयुधपूजेला. त्या दिवशी सहानाची आई, विशालाक्षी अम्मा, घरातल्या साऱ्या अवजारांना चंदन-कुंकू लावतात. एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी विजयादशमीच्या सकाळपर्यंत त्या वस्तूला काम सांगायचं नाही. लॅपटॉप देवापुढे पाटावर बसला. मिक्सरला कुंकू लागलं, कात्रीला लागलं, अप्पांच्या स्कूटरच्या चाकाखाली लिंबूसुद्धा चिरडलं. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. मी म्हटलं, थांबा, माझी पाळी येईल.

ती दुपारीच आली. सहानानं एका स्टुडिओला आपली छोटी फिल्म पाठवली होती. ती आवडली तर नोकरी मिळणार होती. तिकडून निरोप आला की फाईल उघडत नाही, संध्याकाळपर्यंत नव्याने तयार करून पाठवा. सहाना लॅपटॉपकडे धावली, पण अम्मा पाटापुढे आडव्या उभ्या राहिल्या. पूजेतलं उचलायचं नाही. फिल्मची प्रत असलेली हार्ड डिस्क सहानाच्या पिशवीत राहून गेली होती, म्हणून ती पूजेतून सुटली होती. आणि सुटलो होतो मी.

टोपली खाली उतरली. सहानानं माझं बटण दाबलं. मी चालू झालो, आणि वर्षभराचे तुंबलेले अपडेट पडद्यावर काढून बसलो. कृपया बंद करू नका. ती नखं खात होती, मी मुंगीच्या पावलानं पुढे सरकत होतो. मनात उकळ्या फुटत होत्या.

"रुसलंय ते," अम्मा म्हणाल्या. "अवघ्यांस लावलं, ह्यासच विसरले मी." त्यांनी वाटी आणली आणि माझ्या कपाळी चंदन-कुंकू लावलं.

नेमके तेव्हाच अपडेट संपले. सहानाचा हात माउसकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. आता मीही पूजेतला झालो होतो. मान मिळाला आणि सूडही मिळाला, तोही त्यांच्याच नियमानं! एवढं तर मीसुद्धा मागितलं नव्हतं.

सहानाच्या डोळ्यांतून पाणी कीबोर्डवर पडलं. अम्मांनी एकदा देवाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग पदराचं टोक घेतलं आणि माझं कुंकू पुसून टाकलं.

"मीच लावलं, मीच पुसते. देवीला मी सांगून घेते. तू काम कर बाळा, कन्ना."

माझा मान गेला. अडून बसणं माझ्या हातात होतं. पण समोर पाटावर तो गुळगुळीत लॅपटॉप कुंकू मिरवत बसला होता, आणि कसा सूड घ्यायचा ते मला कळलं. साठवलेला सगळा राग मी पंख्यांत ओतला. असा गरगरलो की कॅलेंडरची पानं फडफडली. दिवेलागणीपूर्वी फिल्म रवाना झाली. सहानानं तापलेल्या माझ्या अंगावर गाल टेकला. देव होऊन बसलेल्याला ते सगळं नुसतं पाहावं लागलं.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादं जुनं यंत्र असेल. त्याला वर्षातून एकदा कुंकू नाही लावलंत तरी चालेल, पण आठवड्यातून एकदा फडकं मारा. त्याच्या डोक्यावर टोपल्या ठेवू नका. तुम्ही विसराल. आम्ही विसरणार नाही, कारण लक्षात ठेवण्यासाठीच तर तुम्ही आम्हाला घरात आणता.