पेटीतला झेंडू

"मामा, पेटीत फूल कुणी ठेवलं?"

"म्याच की, ताई." प्रयोगशाळेतले शिपाई गुंडप्पामामा हसले. कपाळावर भस्माचे ताजे पट्टे होते. "काल खंडेनवमी व्हती. समद्या मिशिनींला फुलं वाह्यली. तुमची पेटीच कशी सोडू? आतली, भायेरची, दोन्ही झडपा उघडल्या, आत कुंकू लावलं."

मंजुश्रीने काचेतून पाहिलं. हवा नि ओल शिरू नये म्हणून आर्गॉन वायूने भरलेली ती पेटी. आत झेंडू कोमेजलेला, शेजारी सोडियमचे तुकडे ओल लागून पांढरेफटक पडलेले, वाया गेलेले.

नांदेडच्या या खाजगी महाविद्यालयात पीएचडीसाठी ती एकाच गोष्टीच्या मागे होती. बॅटरीतल्या कथील-अँटिमनीच्या मिश्रधातूत सोडियम शिरलं की तो फुगायचा, निघालं की आकसून तडकायचा, आणि बॅटरी मरायची. द्रावणात एका पूरक द्रवाचे थेंब घातले, तेव्हा धातूवर सायीसारखा पापुद्रा धरला. तडे थांबले. फुगणं, आटणं तिला नवं नव्हतं. तान्ह्या शिवांशला चाकूरला सासूबाईंकडे ठेवून आली तेव्हा कितीतरी दिवस तिचा ब्लाऊज भिजत होता.

तसे न तडकणारे बॅटरीचे सेल पुन्हा बांधून दाखवायचे होते, याच महिन्यात. नाहीतर शिष्यवृत्ती संपणार; आणि घरच्यांनी सांगूनच ठेवलं होतं, मग बास, परत यायचं.

तिने मार्गदर्शक सरांना फोन लावला.

"ओल शिरली? कशी काय?"

मामा शेजारीच उभे होते, फडकं खांद्यावर टाकून. कंत्राटी माणूस. मागे एका शिपायाला नुसती काच फुटली म्हणून काढलं होतं.

"आतली झडप माझ्याकडून उघडी राहिली, सर."

"नवं सोडियम यायचं, पेटी साफ व्हायची... तोवर तुझी मुदत संपते, मंजुश्री."

"हो, सर."

"काय म्हनले सायेब?" मामांनी विचारलं.

"घरी जा म्हणाले."

"बगा! पूजा पावली का न्हाई? लेकरू वाट बघून राह्यलं आसंल."

तिची बॅग त्यांनीच उचलली. स्टँडवर लातूर गाडीत शिरून जागा धरली.

"ओ मास्तर, ताईला खिडकी द्या. डाक्टर होनार हायत आमच्या!"

"कशाच्या डॉक्टर?" कंडक्टरने विचारलं.

"बॅटरीच्या!"

गाडीतली माणसं हसली. मंजुश्रीही हसली, आणि चाकूरचं तिकीट मागितलं.