मोहाच्या टाकीची चाबी

टेकचंद रहांगडाले मतमोजणीच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीअखेर तीनशे मतांनी मागे होता, पण त्याला घाम फुटला तो भलत्याच गोष्टीनं. कुर्त्याच्या खिशात हात घातला आणि बोटाला चाबी लागली. वाईनच्या खोलीची!

आता या माणसाला काय म्हणावं? प्रचारात कार्यकर्ते आपलीच वाईन ढोसतील, या भीतीनं पठ्ठ्यानं खोलीला कुलूप ठोकलं आणि पंधरा दिवस चाबी घेऊन गावोगाव हिंडला. आत मोहाची वाईन मुरत होती. टाकीतून निघणाऱ्या नळीचं टोक लोट्यातल्या पाण्यात बुडालेलं लागतं. पाणी आटलं की हवा शिरते, वाईन आंबते. त्यात मे महिना. गेलं वर्षभराचं सगळं!

तेवढ्यात दुसऱ्या जागेच्या निकालाचा गलका झाला. वीस वर्षं अख्खा जिल्हा ज्यांच्या मुठीत होता, ते राजेसाहेब पडले. ज्यांच्या शब्दाशिवाय सडक अर्जुनीत साधा हातपंप बसत नव्हता, त्यांचीच माणसं गळ्यातले दुपट्टे काढून खिशात कोंबू लागली. टेकचंदनं तिकडे पाहिलंही नाही. त्यानं मोटरसायकलला किक मारली.

"पाहा, तोंड लपवून पळून राहिला," मागून कोणीतरी बोललं.

घरी वाईनच्या कामावरची लीलाबाई खोलीच्या दारातच बसली होती. मोह वेचण्यापासून टाकी धुण्यापर्यंत सगळं तिच्याच हातचं. त्यानं कुलूप काढलं. लोटा काठोकाठ भरलेला!

"हे कसं वो, बाई?"

तिनं वर बोट दाखवलं. छपराचे दोन कवेलू सरकवलेले होते. "रोज शिडी लावून वरून पाणी सोडलं, भाऊ. चाबी काऊन नेली होती? आमच्यावर भरोसा नाई?"

टेकचंद टाकीकडे वळला. त्यानं तोटी सोडून ग्लास भरला. लीलाबाईनं तो काढून घेतला, पहिली धार अंगणातल्या मोहाच्या बुंध्याशी देवाला ओतली आणि मग परत दिला. टेकचंदनं घोट घेतला. अहाहा! जिवात जीव आला, डोळे भरून आले.

"निवडणुकीचं काय झालं?"

"मी पडलो. राजेसाहेबबी पडले."

"दरसाल पहिली बाटली राजेसाहेबाच्या बंगल्यावर जाते. मंग यंदा कोणाच्या बंगल्यावर धाडता?"

"कोणाच्याच नाई. तुमच्या घरी न्या. अन हे चाबीबी ठेवा."

लीलाबाईनं बाटली पदराखाली घेतली, चाबी मात्र त्याच्या हातात परत ठेवली.

"राहू द्या तुमच्याजवळच. आमाले कवेलूचा रस्ता मालूम आहे."