ईशान्य कोपऱ्यातले पाच दगड

बंगल्यामागची तळ्याकाठची अर्धी जमीन वेगळी काढून तिथे माझ्यासाठी दोन खोल्यांचं घर बांधायचं सारंगने ठरवलं, तेव्हा मी नको म्हणालो नाही. माझी बायको वसुधा गेल्यापासून मी या मुलाकडे, इथे परदेशात, कॅव्हनमध्ये राहतो. आयुष्यभर साताऱ्याला ग्रंथपाल होतो. पुस्तकांना एक भिंत आणि माझी स्वतःची खिडकी, एवढा मोह मला होता.

मोजणीदाराने खुंट्या ठोकल्या. बांधकामाच्या परवानगीचा अर्ज गेला आणि फाटकावर काउन्सिलची नोटीस लागली. पाच आठवडे कुणालाही हरकत घेता येत होती. पण मुहूर्त त्याआधीचाच निघाला, म्हणून सूनबाईने, स्वानंदीने, पुण्याच्या गुरुजींना टॅबलेटवर बसवून पूजा उरकली.

गुरुजींनी पाच विटा सांगितल्या होत्या. त्या राहून गेल्या. तळ्याकाठी गवतात मुठीएवढे पांढरे, गुळगुळीत दगड होते. ते चालतील असं मीच सुचवलं आणि मीच वेचले. प्रत्येकाखाली एक ओलसर खळगा होता. तेव्हाच काही सुचायला हवं होतं, पण माझं लक्ष पोथीत. ईशान्य कोपऱ्यात मांडून, हळदकुंकू वाहून, पोथीत आहेत ती नावं मी त्यांना दिली. नंदा, भद्रा, जया, रिक्ता, पूर्णा.

दुसऱ्या सकाळी चारच उरले होते.

पाचवा गवतात सापडला, आपल्या जुन्या खळग्यात, अंगावर हळद तशीच. मी तो परत आणून ठेवला. तिसऱ्या दिवशी दोन गेले. स्वानंदीच्या मते कोल्हा असणार. सारंग म्हणाला, "पांडव वनवासाला निघाले, बाबा." मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "पहाटे तुम्ही बाहेर जाता का? आठवतं का तुम्हाला?"

मला ठामपणे नाही म्हणता आलं नाही. गॅस बंद केला का, हे मी दोनदा बघतो, तरी खात्री नसते. म्हणून त्या संध्याकाळी पाची दगड परत मांडून त्यांच्याभोवती रांगोळीचं जाड कडं घातलं. रात्री पाऊस आला नाही, हे इथलं नवलच. सकाळी कडं कुठेही मोडलेलं नव्हतं. आत एकही दगड नव्हता.

मी गवतात वाकून ते शोधत होतो तेव्हा कुंपणापलीकडून पेगी आली. शेजारीण, ऐंशीच्या पुढची. मी चाचरत सगळं सांगितलं, नावांसकट.  ती म्हणाली, बाप्तिस्मा व्हायच्या आत गेलेलं मूल पूर्वी चर्चच्या आवारात घेत नसत. बाप त्याला इथे आणून पुरायचे आणि वर पांढरा दगड ठेवायचे. इथे पाच आहेत. एक तिचा भाऊ, दोन तास जगलेला, झुडपाजवळचा. तिने विचारलं, त्या दगडाला मी काय नाव दिलं?

"जया," मी म्हणालो.

"जया." तिने आपल्या उच्चारात ते घोळवून पाहिलं. "मुलीचं नाव आहे ना? चालेल. त्याला नावच नव्हतं."

हरकतीची मुदत शुक्रवारी संपत होती. ती हरकत घेणार नव्हती. इतकी वर्षं घरात जे कुणी बोललं नाही, ते काउन्सिलला लिहून देणं तिला जमणार नव्हतं.

म्हणजे ते माझ्यावर आलं. जेवताना मी सारंगला सांगितलं. त्याने नकाशे काढले, जुने कागद बघितले. कुठेही काही नोंद नव्हती. तो वैतागला. म्हणाला, पाच दगडांसाठी घर सोडायचं? तेही शेजारची बाई म्हणते म्हणून?

"तुझ्याआधी एक मुलगी होती," मी म्हणालो. "तुझी बहीण. अकराव्या दिवशी गेली. दुसऱ्या दिवशी बारसं होतं."

त्याने नकाशे मिटून बाजूला ठेवले.

मीच तिला कृष्णाकाठी नेलं होतं. वर एक काळा दगड ठेवला. परतताना मागे बघायचं नसतं, म्हणून बघितलं नाही. पुढे वसुधाने विचारलं, नक्की कुठे, तेव्हा मला जागा सांगता आली नाही. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

गुरुवारी सारंगने अर्ज मागे घेतला. खुंट्या त्याने स्वतः उपटल्या.

दुपारी मी एकटाच खाली गेलो. पाची दगड जागच्या जागी होते. झुडपाच्या अलीकडे सहावा खळगा होता, ओला, कडेचं गवत नुकतंच दबलेलं. सकाळी तो नव्हता. निदान मला तसं वाटतं. मी परत मोजलं आणि घराकडे निघालो.

दहाएक पावलं गेलो असेन. मागे गवतात कुणीतरी काही जपून खाली ठेवल्यासारखा आवाज झाला.

या वेळी मी वळून बघितलं. सहाव्या खळग्यात दगड होता. काळा.