गोकुळची गाडी

स्मारकाला सेल्फ-स्टार्टर कशाला लागतो? हा प्रश्न शेंबड्या पोरालाही पडला असता. अमडापूरच्या मेहबूब मिस्त्रीला तो पडला नाही, कारण बंद पडलेलं इंजिन समोर आलं की या माणसाला बाकी जगातलं काही दिसत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता, पण माणसं ओळखण्यात तो कच्चाच. आणि या वेळी तर समोर कौशल्याबाई उभी होती. तिच्यावर संशय घेण्यापेक्षा त्यानं स्वतःच्या डोळ्यांवर घेतला असता.

कौशल्याबाई म्हणजे जानेफळच्या कडूबाची बायको. मेहबूबनं नवीन नवीन वर्कशॉप टाकलं तेव्हा कुत्रंही फिरकत नव्हतं, त्या दिवसांत कडूबानं त्याच्याकडे पहिली ट्रॉली टाकली आणि पंचक्रोशीत तिची तारीफ करत फिरला. तिथून जी दोस्ती जमली ती कडूबा जाईपर्यंत टिकली. तो गेल्यावर त्याचा थोरला, गोकुळ, काम शिकायला मेहबूबकडे आला आणि घरचाच झाला. मेहबूबची बायको सबीहा त्याला वाढायची, तीच रागवायचीही. वेल्डिंग तर त्यानं असं उचललं की मेहबूब मनातल्या मनात वर्कशॉप त्याच्या नावावर करून मोकळा झाला होता. पण पोरगं फौजेत भरती झालं. तिथं त्याला जवानांची ने-आण करणाऱ्या चिलखती गाडीवर ड्रायव्हर केलं. आणि एका पावसाळ्यात डोंगरातला रस्ता खचला, गाडी दरीत गेली, गोकुळ तिरंग्यात गुंडाळून जानेफळला आला.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी कौशल्याबाई वर्कशॉपवर आली. सोबत धाकटा ऋत्विक. तिनं पदराखालून एक फोटो काढला. गोकुळ त्याच्या गाडीच्या नाकाडावर हात ठेवून उभा, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

"मेहबूबभाऊ, अशी गाडी बनवून देता काय? गावाच्या फाट्यावर उभी करू. येनाऱ्या-जानाऱ्याले दिसन, का इथला एक पोट्टा अशी गाडी चालवे."

मेहबूब नुसता मान हलवत राहिला. कौशल्याबाईनं मजुरीचं काढलं तेव्हा मात्र तो उसळला. "वहिनी, आता काढलं ते काढलं. पुन्हा काढसान तर मी तुमच्या घरचं पानी पिनार नाही."

ट्रक ऋत्विकनं आणला. फौजेनं बाद करून लिलावात काढलेला, भंगारवाल्याच्या आवारात पडून राहिलेला. टपावर गवत उगवलं होतं, पण चेसिस अशी की हातोडा मारला तर हातोड्यालाच लागावं. मेहबूब त्याच्याभोवती फेऱ्या मारत राहिला. इतका खूश तो स्वतःच्या लग्नातही नव्हता, असं सबीहा अजून सांगते.

आता प्रश्न मापांचा. फोटोवरून गाडी बनवायची म्हणजे सोपं काम नाही. पण फोटोत गोकुळ उभा होता, आणि गोकुळची उंची मेहबूबला पाठ होती. वर्कशॉपच्या मागच्या दाराची चौकट त्या पोरानं कपाळानं एवढ्या वेळा मोजली होती की ती विसरणं शक्यच नव्हतं. मग काय, गोकुळ एवढा तर चाक एवढं, गोकुळचा खांदा इथं तर दिवा इथं, असं करत करत त्यानं पत्र्यावर खडूनं अख्खी गाडी काढली. दिवसभर तो "गोकुळच्या कोपरापासून एक वीत वर" असलं काहीतरी पुटपुटत असायचा. गोकुळ परत कामावर यायला लागला आहे असंच त्याला वाटायचं, आणि त्याला ते बरं वाटायचं.

केबिन कापून काढली. अँगलचा सांगाडा उभा केला. त्यावर जाड पत्रा, पुढून उतरता, बाजूनं तिरपा. वर तोफेचा बुरूज हवा होता, त्याला गोल काही सापडेना, तर या गृहस्थानं घरातली गव्हाची कोठीच उचलून आणली. गहू पोत्यात, पोती उंदरांच्या ताब्यात. सबीहानं दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी ती वर्कशॉपवर भांडायला आली, गाडीवर चढवलेली कोठी पाहिली, आणि ओल्या फडक्यानं कोठीला चिकटलेला भुसा-कोंडा पुसून निघून गेली. इकडे कास्तकार आपापल्या ट्रॉल्यांसाठी चकरा मारून थकले. हंगाम तोंडावर आला तरी मिस्त्री रणगाडाच घासून राहिला, म्हणून काहींनी ट्रॉल्या दुसरीकडे टाकल्या. मेहबूबनं त्याचं वाईट वाटून घेतलं नाही.

ऋत्विक मधून मधून येऊन सूचना करायचा. तोफेसाठी मेहबूबनं बोअरवेलच्या केसिंगचा पाइप घेतला आणि मागचं तोंड बंद करायला निघाला, तर हा म्हणाला, "चाचा, पाइप आरपार मोकळा ठेवा."

"काऊन बे?"

"असलीवानी दिसते."

वरचं झाकण एका माणसापुरतं होतं, ते त्यानं मोठं करायला लावलं. दोन जण आरामात उभे राहिले पाहिजेत. कशाला, तर पंधरा ऑगस्टला सरपंच आणि पाहुणे वरून सलामी देतील. मेहबूबला पटलं. त्याला सगळंच पटत होतं. आणि इंजिनाचं तर खुद्द कौशल्याबाईनं सांगितलं. डिझेल पंप खोलून दुरुस्त करावा की इंजिन नुसतं वरून रंगवून टाकावं असा मेहबूब विचार करत होता, तेव्हा ती म्हणाली, "गोकुळची गाडी मेलेली नोको उभी करू, भाऊ. चालू पाह्यजे."

या एका वाक्यापायी मेहबूबनं अख्खं इंजिन उतरवलं, वर नवा सेल्फ-स्टार्टरही बसवला. त्या रात्री जेवताना त्यानं सबीहाला ते वाक्य दोनदा ऐकवलं.

शेवटचं काम त्यानं कुणाला न सांगता केलं. दाराच्या खाली, पत्र्यावर, वेल्डिंगच्या रॉडनं गोकुळचं नाव लिहिलं. रंगानं कोणीही लिहितो. रॉडनं उभ्या पत्र्यावर अक्षर काढायचं म्हणजे वितळलेलं लोखंड खाली ओघळायच्या आत हात पुढे न्यावा लागतो. ही करामत त्यानं आयुष्यात एकालाच शिकवली होती. अक्षरं बोटाएवढी जाड, हात फिरवला की कळणारी. रंग उडाला, गंज आला, तरी नाव जाणार नाही असं त्याच्या मनात होतं.

गाडी जानेफळला नेली तेव्हा मेहबूबनंच चालवली. कौशल्याबाईनं गाडीच्या नाकाडाला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि ती रडली. हे रडणं खरं होतं. मला यात तिळभर शंका नाही, आणि म्हणूनच पुढचं जास्त झोंबतं.

पुढे गाडी उभी करायचा फाट्यावरचा ओटा काही होईना. कधी ग्रामपंचायतीचा ठराव अडला, कधी आचारसंहिता आली, कधी गवंडी पळाला. मेहबूब फोन करायचा. "होऊन राह्यलं, चाचा," ऋत्विक म्हणायचा. उद्घाटनासाठी मेहबूबनं नवा पठाणी शिवून ठेवला होता.

तो अंगावर चढला जळगाव जामोदला. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न होतं आणि सबीहा म्हणाली की आता याची घडी किती दिवस जपणार. मंडपाच्या दारात वऱ्हाडी उभे, वरात यायची होती. डीजेच्या दणदणाटातून मेहबूबच्या कानावर एक इंजिन आलं. चढावर किंचित खोकणारं. तो जागच्या जागी थिजला, कारण तो खोकला घालवण्यासाठी त्यानं आठवडाभर झटापट केली होती आणि शेवटी हार मानली होती.

गाडी वळणावरून आली. फौजी हिरवा रंग गेला होता. आता ती सोनेरी होती, नखशिखान्त सोनेरी, आणि कडेनं लुकलुकणारे दिवे. मोठ्या केलेल्या झाकणातून नवरदेव वर आलेला, काळा चष्मा लावून, शेजारी त्याचा दोस्त मोबाइल धरून. दोघं आरामात मावत होते. तोफ मंडपाकडे वळली, आत काहीतरी फुस्स झालं आणि आरपार मोकळ्या पाइपातून रंगीत कागदांचा फवारा वऱ्हाडाच्या डोक्यावर पडला. बायका किंचाळून हसल्या. बाजूला फ्लेक्स लावला होता, 'रॉयल एन्ट्री, बुकिंगसाठी संपर्क', खाली ऋत्विकचा नंबर. आणि स्टीअरिंगवर ऋत्विक.

मेहबूब गर्दीतून वाट काढत दारापाशी गेला. नाव तिथंच होतं. ते घासून काढायचे कष्टही कुणी घेतले नव्हते, त्यावरूनच सोनेरी रंग मारला होता. नवरदेवाकडची पोरं टपावर नाचायला चढत होती, आणि चढायला पायरी नव्हती, म्हणून त्या जाड अक्षरांवर बूट रोवून चढत होती. 'गो'वर एक पाय, 'ळ'वर दुसरा.

दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नात तमाशा करणाऱ्यांतला मेहबूब नव्हता. त्यानं मुलीच्या बापाला मुबारकबाद दिली, सबीहाला म्हणाला पोटात दुखतंय, आणि न जेवता घरी आला. खोटंही धड बोलता येत नाही या माणसाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तो जानेफळला निघाला. वाटभर त्याला एकच चिंता, कौशल्याबाईला सांगायचं कसं. तिला धक्का बसेल. तिचं बीपी वाढतं. धाकट्यानं थोरल्याच्या नावावर असा धंदा मांडला हे आईला कोणत्या तोंडानं सांगायचं? ऋत्विकचे कान पिळायचे, पण तिच्यासमोर नाही, असंही त्यानं ठरवलं. इतका विचार त्यानं तिचा केला.

कौशल्याबाई ओसरीवर मेथी निवडत होती. तिनं त्याला बसायला सांगितलं. त्यानं अडखळत, शब्द जपून वापरत, कालचं सगळं सांगितलं. पोरांच्या बुटांचं तेवढं सांगितलं नाही.

ती मेथीच निवडत राहिली. मग म्हणाली, "मले माहीत हाय, भाऊ."

"कधीपासून?"

तिनं मेथीची पुढची काडी उचलली.

"वहिनी, कधीपासून माहीत हाय?"

"पहिल्यापासून." तिनं मान वर केली. "मीच तुमच्याकडे आली होती ना? ऋत्विकच्या भरवशावर नाही सोडलं. तो एकटा आला असता तर तुम्ही हाकलून देल्लं असतं."

मेहबूब एकेक आठवत गेला. फाटा, ओटा, ठराव, गवंडी, सगळं बनवलेलं. आणि ते 'मेलेली नोको' म्हणणं?

"ऋत्विकलेही भरतीच पाह्यजे होती," ती सांगू लागली. आवाज रडका नव्हता, आणि तेच मेहबूबला सोसवेना. "दौडीत पहिला येत होता. मी दारात आडवी पडली. म्हटलं, माह्या अंगावरून जाय. नाही गेला तो. मग दोन वर्षं नुसता खाटेवर पडून राहे, माह्याशी बोले नाही. मी त्याची एक वाट बंद केली, मले त्याले दुसरं काही द्या लागत होतं. ही गाडी त्याच्या डोक्यात होती. नाव मी गोकुळचं घेतलं."

"मले सांगाचं होतं!" मेहबूबचा आवाज चढला. या घरात पहिल्यांदाच चढला. "माह्याशी खोटं काऊन? धंद्यासाठी पाह्यजे म्हनून सांगतलं असतं, तरी मी नाही म्हटलं असतं काय? बनवून देल्ली असती!"

"हाव," कौशल्याबाई म्हणाली. "देल्ली असती. पन अशी नसती बनवली."

तिचं खरं होतं. नसतीच बनवली. पातळ पत्रा ठोकून, वरून रंग मारून, महिन्याभरात हाती दिली असती. कोठी घरातच राहिली असती. हे तिनं आधीच ओळखलं होतं. त्याचा जीव कशात अडकलाय हे जगात दोनच बायकांना ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकीनं तिथंच हात घातला होता. ऋत्विकचा त्याला राग आला होता, पण कौशल्याबाईचा रागही येईना. नुसतं लुटल्यासारखं वाटत होतं, आणि लुटणारी समोर मेथी निवडत होती.

तो उठला. तिनं "जेवून जा" म्हटलं नाही, तेवढी लाज तिनं राखली.

बाहेर आवारात ऋत्विक गाडी धूत होता. मेहबूबला पाहून त्याचा चेहरा क्षणभर उतरला. पण मिस्त्री काही बोलत नाही, मारतही नाही, हे पाहिल्यावर तो सावरला. पाइप बाजूला ठेवून जवळ आला.

"चाचा, बरं झालं आले. चढावर क्लच जरासा घसरून राह्यला. रेस देल्ली का इंजिन ओरडते, गाडी उचलत नाही. परवा मेहकरची ऑर्डर हाय."

"पेडल पाह्य," मेहबूब म्हणाला. "थोडं मोकळं हललं पाह्यजे. ताठ असन तर नट ढिला करून तेवढं मोकळं कर. अन् पाय क्लचवर ठेवून चालवत जाऊ नको."

"हाव, चाचा."

मेहबूब चालत फाट्यावर आला. बस यायला वेळ होता. आजूबाजूला शाळेची पोरं, भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बाया. त्या सगळ्यांत उभा असताना त्याच्या ध्यानात आलं की आपण आत्ता त्या पोराला क्लच कसा दुरुस्त करायचा ते सांगून आलो. कोणी मागितलं नव्हतं इतकं नीट सांगून आलो. मग त्याला रडू आवरेना. टोपलीवाल्या बाईनं विचारलं, "काय झालं हो, कोनी गेलं काय?" मेहबूबनं तोंडावर रुमाल धरून हो म्हणून मान हलवली.