जाहिरातीतली कोरी जागा

जासईच्या काशीराम घरताने पनवेलच्या बाजारात सायकलचं दुकान काढायचं ठरवलं आणि जाहिरात स्वतःच लिहून आणली. माणसाला जन्मात एकच मजकूर येत असला की तो सगळीकडे तोच चालवतो. काशीरामला लग्नपत्रिकेचा येत होता. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून सायकलचे दुकान उघडण्याचे योजिले आहे, तरी आपण सहकुटुंब सहपरिवार...’ आणि खाली ‘आपले नम्र’ म्हणून अख्खी भावकी. एखादं नाव गाळलं तर तो माणूस पुढच्या कार्यात पंगतीला बसत नाही, हा तिकडचा कायदा.

‘खाडीवारा’ साप्ताहिकाच्या जाहिराती जोसेफ आपटेकर बघायचा. पूर्वी तो मुंबईत एका जाहिरात कंपनीत होता, त्यामुळे मजकूर छाटायला हात शिवशिवायचे. त्याने छपाईचे खिळे जुळवून पाहिले, तर नावांनी सगळी जागा खाल्ली आणि सायकलच्या चित्राचा ठसा मुंगळ्याएवढा उरला.

“काशीरामशेठ, यात सायकल कुठे आहे?”

“ती काय, गणूकाकाच्या पायाशी.”

“आणि हे महादेव घरत? पहिल्या ओळीत लिहिलेत, मग खोडलेत, मग परत लिहिलेत.”

महादेव काशीरामचा थोरला भाऊ. मिठागराची वाटणी झाली तेव्हा वीतभर बांधावरून दोघांचं फाटलं, ते बोलणं बंद. दुकानाचा नारळ दादानेच फोडावा एवढीच काशीरामची इच्छा होती. पण बोलवायला जायचं म्हटलं की पाय उचलत नव्हता. नाव छापलं तर दादा म्हणणार, मला न विचारता छापलं. नाही छापलं तर विषयच संपला.

“मग कुणाचंच नको,” जोसेफ म्हणाला, आणि छाटत सुटला. शेवटी वर ‘सायकल’ राहिली आणि तळाला ‘काशीराम घरत, बाजारपेठ, पनवेल. शुक्रवारपासून.’ मध्ये पांढरं स्वच्छ.

“वाचणाऱ्याचा डोळा टेकायला जागा लागते, शेठ.”

“टेकायला जागा हाय, पण सायकल नाय.”

“ती लोक मनात आणतात.”

काशीरामला यातलं काडीइतकं पटलं नाही. पण भावकीचा राग सगळ्यांत सारखा वाटला जाईल, एवढं मात्र पटलं.

शुक्रवारी दुकानापुढे ही गर्दी. सायकलींकडे कुणी ढुंकूनही बघेना. भावकीतला जो तो पेपर घेऊन आलेला. सखूबाई आत्याचं म्हणणं, मधली जागा तिच्या मालकांच्या नावाची, ती मुद्दाम पुसली. गणूकाका म्हणाले, पत्रिकेत आपलं नाव नेमकं एवढ्याच उंचीवर असतं, आणि ते निषेध म्हणून दारातच बसले. दयाराम एका सायकलवर चढून भांडत होता, तेवढाच तिचा उपयोग. जोसेफ ज्याला त्याला मांडणी समजावत फिरत होता. गुणाबाईने कोरी जागा पाहिली, कुणीतरी गेलं असणार असं ठरवलं आणि कोण ते न विचारताच रडायला लागली.

एवढ्यात महादेव आला. गर्दी आपोआप बाजूला झाली. त्याला वाचता येत नव्हतं. गावात कुणीतरी जाहिरात वाचून दाखवली होती, आणि मधे काय लिहिलंय म्हणून त्याने विचारल्यावर ‘काय नाय’ असं सांगितलं होतं. त्याने पेपरची घडी उलगडली आणि पांढऱ्या जागेवर अंगठा टेकवला.

“बांधावर मना वीतभर सोडली नायस,” तो म्हणाला, “अन् पेपरात येवढी जागा सोडलीस.”

“तसं नाही, ती वाचकाच्या डोळ्यासाठी...” जोसेफने तोंड उघडलं.

“आपटेकर साहेब, तुमी चहा घ्या,” काशीराम म्हणाला. खोटं बोलतोय हे त्याला कळत होतं, आणि इतकं खरं तो कधी बोलला नव्हता. “तुझीच हाय दादा. दुसऱ्या कुनाचा नाव तिथं बसत नव्हता.”

भावकी फणफणली. गणूकाका उठून चालते झाले. महादेव मात्र त्या पांढऱ्या जागेकडे बघत राहिला. मग त्याने पेपर मधोमध फाडला, दोन्ही तुकडे एकमेकांवर धरून पाहिले आणि मोठा होता तो भावाच्या हातात दिला.

“येवढी मी येकटा काय करू,” तो म्हणाला. “नारळ आन.”